‘बिट्वीन’ दोघांपुरता नाही, आणि ‘लेस’ही चूक नाही

इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांचा एक तक्ता सगळीकडे फिरतोय. त्याचे म्हणणे असे: ‘बिट्वीन’ फक्त दोघांसाठी, तिघांपासून पुढे ‘अमंग’, मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ लावणे कायम चूक, तिथे ‘फ्यूअर’च हवे, ‘ईच अदर’ दोघांचे, ‘वन अनदर’ अनेकांचे, ‘बिग’ आणि ‘लार्ज’ मात्र कुठेही अदलाबदल करा. हे पाठ करणारी मुले बरोबर वाक्य ओठांवर आले असताना अडखळतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आधी ‘बिट्वीन’. तीन देशांतला करारही ‘बिट्वीन’च असतो, कारण प्रत्येक देश वेगळा दिसतो आणि प्रत्येकाचे दुसऱ्याशी नाते असते. ‘अमंग’मध्ये घोळक्यात मिसळल्याचा भाव आहे: झाडांमधले घर ‘अमंग द ट्रीज’. म्हणजे प्रश्न डोकी मोजण्याचा नाहीच. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात दोन आणि अनेक असा भेद नोंदवला खरा, पण तो नेहमी पाळला जात नाही हेही तिथेच लिहिले. ऑक्सफर्डचा मोठा कोश तर सांगतो की ‘बिट्वीन’ अगदी सुरुवातीपासून दोनापेक्षा जास्तांसाठी वापरात आहे.

‘लेस’ची गोष्ट अशीच. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी तो नवव्या शतकापासून लिहिला जातोय. १७७० साली इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरने ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसते असे स्वतःचे मत मांडले. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. वर्षे, किलोमीटर, पैसे मोजता येतातच ना? तरी ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ हेच सहज वाटते, कारण तिथे मनात एक सलग अंतर असते.

‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’ यांवर वेळ घालवू नका. चांगले लेखक दोन्ही कुठेही वापरतात.

‘बिग’-‘लार्ज’बद्दल तक्ता उलट बाजूने चुकतो. ‘बिग सिस्टर’ म्हणजे थोरली बहीण; ‘लार्ज सिस्टर’ म्हटले की तिच्या अंगकाठीवर बोट जाते. चूक ‘बिग मिस्टेक’ असते, ‘लार्ज मिस्टेक’ नव्हे. असे शब्द सोबत्यासकटच लक्षात ठेवावे लागतात.

तक्त्यातला ‘बॉरो’ आणि ‘लेंड’चा भेद मात्र खरा आहे: पहिला उसने घेण्याचा, दुसरा देण्याचा. तो पाळाच. परीक्षेत मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ लिहा, गुण सुरक्षित राहतील. बोलताना कुणी ‘लेस’ म्हणाले तर त्याला मध्येच थांबवू नका.