एकाच ड्रायव्हरच्या स्पीकरची मर्यादा कशी तपासावी

३ इंची फुल-रेंज ड्रायव्हरला (खर्जापासून उंच स्वरांपर्यंत सगळा आवाज एकट्याने काढणाऱ्या स्पीकरमधल्या घटकाला) क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटून देणारे सर्किट, लागत नाही, म्हणून तो दोन ड्रायव्हरांच्या स्पीकरपेक्षा नेहमीच सरस ठरतो, असे एका लेखात म्हटले आहे. गाणाऱ्याच्या आवाजापुरते हे मला पटते, खर्जाबाबत मात्र अजिबात पटत नाही. बंद पेटीत आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, की शंकूला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट मागेपुढे हलावे लागते, आणि इतक्या लहान ड्रायव्हरची ती क्षमता फार लवकर संपते. शिवाय त्याच शंकूवर गायकाचा स्वरही उमटत असल्यामुळे डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यासरशी तो गढूळ होतो. मला हाच दोष सर्वांत जास्त खुपतो.

तपासणीसाठी ८०, ६० आणि ४० हर्ट्झचे साइन स्वर (एकाच वारंवारतेचे शुद्ध स्वर) बेताच्या आवाजात वाजवावेत. ४० हर्ट्झला काहीतरी ऐकू आले म्हणून समाधान मानू नये, कारण अनेकदा ते ड्रायव्हरने मूळ स्वरात केलेल्या विकृतीतून निर्माण झालेले ८० किंवा १२० हर्ट्झचेच स्वर असतात. तोच स्वर चांगल्या हेडफोनवर ऐकला, की फरक कळतो. नंतर पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला, खळखळाटासारखा चाचणीचा आवाज) लावून बाजूला सरकावे: १० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३.४ सेंटिमीटर असल्याने त्याहून बऱ्याच रुंद शंकूचा उच्च वारंवारतेचा आवाज झोतासारखा समोरच जातो आणि कडेला बसणाऱ्याला तो मंद ऐकू येतो.