निनावी वाटा कोणी बांधायच्या?

बर्लिनमध्ये राउटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरवर, काम करणे हा माझा व्यवसाय आहे आणि टॉर या निनावी जाळ्यासाठी मी स्वखर्चाने एक रिले, म्हणजे इतरांची इंटरनेट वाहतूक पुढे पाठवणारा सर्व्हर, चालवतो. गावाकडच्या नातेवाइकांना किंवा पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना हे सांगितले की जवळजवळ प्रत्येक वेळी तोच प्रश्न येतो: ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने नाव कशाला झाकायचे? प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे, कारण आपल्याकडचे धोरणही याच प्रश्नावर उभे आहे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा (वापरणाऱ्याची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणाऱ्या सेवा), डेटा सेंटर आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, आयपी क्रमांक, इतकेच नव्हे तर सेवा घेण्यामागचा हेतूसुद्धा, ग्राहक सोडून गेल्यानंतरही किमान ५ वर्षे नोंदवून ठेवावा लागतो. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी खुशाल देश सोडावा, अशी तेव्हाच्या मंत्र्यांची भूमिका होती, आणि एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांसारख्या कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर खरोखरच हलवले. सायबर गुन्ह्यांचा तपास सोपा व्हावा हा उद्देश मला मान्य आहे. फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेली माणसे माझ्याही ओळखीत आहेत. पण मुरलेला गुन्हेगार परदेशातला सर्व्हर घेतो किंवा दुसऱ्याच्या कागदपत्रांवर खाते उघडतो, आणि नोंदवहीत खरे नाव राहते ते सरळमार्गी माणसाचे. अशी नोंदवही एकदा फुटली की तिची किंमतही तोच मोजतो.

वरच्या प्रश्नाचे उत्तर टॉरच्या रचनेतच आहे. तुमची माहिती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कूटबद्ध थरांत गुंडाळली जाते आणि जगभर पसरलेल्या हजारो रिलेंपैकी साधारणपणे तिघांमधून जाते. पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते कळते पण कुठे जाता ते कळत नाही. शेवटच्याला जाण्याचे ठिकाण कळते, जाणारा कळत नाही. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. ती फक्त नौदलाने वापरली असती तर जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे कोणालाही ओळखता आले असते. म्हणूनच रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सिव्हर्सन यांच्यासह २००२ च्या सुमारास उभारलेले टॉर सर्वांसाठी खुले ठेवले गेले. निनावीपण गर्दीतून मिळते, आणि ती गर्दी लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसांचीच असावी लागते. तुम्ही रेल्वेचे वेळापत्रक पाहण्यासाठी टॉर वापरलात, तर भ्रष्टाचाराची कागदपत्रे पाठवणारा कोणी तुमच्या आडोशाने सुरक्षित राहतो.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. माहिती अधिकाराचा वापर करून जमीन व्यवहारांतले घोटाळे उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे, सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. माहितीचा अर्ज नाव-पत्त्यासह करावा लागतो आणि तो ज्यांच्याविरुद्ध असतो त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अद्याप अंमलात आणलेला नाही, आणि त्यातही ओळख न देणाऱ्याच्या तक्रारीवर कार्यवाही करता येत नाही. इकडे जर्मनीत हाइझेसारखे तंत्रज्ञानविषयक प्रकाशन गेली कित्येक वर्षे टॉरवर आधारलेल्या सिक्युअरड्रॉप या निनावी टपालपेटीसारख्या प्रणालीतून माहिती स्वीकारते, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव संपादकालाही ठाऊक होत नाही आणि कागदपत्रांची खातरजमा मात्र करता येते. निनावी तक्रार म्हणजे खोडसाळपणा, हे आपल्या कार्यालयांतले गृहीतक मला म्हणूनच फार महाग वाटते.

जर्मनी हा या बाबतीत स्वर्ग नाही. इथेही मोबाइलचे प्रीपेड कार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही. जून २०१८ मध्ये रिले चालवणाऱ्यांना मदत करणाऱ्या त्स्वीबलफ्रॉइंडे या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांवर पोलिसांनी छापे घातले, तेही त्यांचा ज्या गुन्ह्याशी संबंध नव्हता त्याच्या तपासासाठी. फरक पुढच्या दोन महिन्यांत दिसला: म्युनिकच्या न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली. ऑनलाइन सेवा शक्य तिथे निनावी किंवा टोपणनावाने वापरू द्यावी, असे इथला कायदा सेवा देणाऱ्यांना सांगतो. आणि २०२१ मध्ये गुन्हेगारी बाजारपेठांविरुद्ध नवे कलम आले तेव्हा त्यात शिक्षा ठेवली ती तशी बाजारपेठ चालवणाऱ्याला. साधन आणि त्याचा गैरवापर यांत केलेला हा भेद मला भारतीय चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

माझा रोजचा संबंध हार्डवेअरशी आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. २०१४ मध्ये अ‍ॅनोनाबॉक्स नावाची छोटी डबी लोकवर्गणीसाठी पुढे आली; ती जोडली की सारे इंटरनेट टॉरमधून जाईल, असे आश्वासन होते आणि पैशांचा पाऊस पडला. काही दिवसांतच जाणकारांनी दाखवून दिले की खास घडवलेले म्हणून सांगितलेले यंत्र बाजारात मिळणाऱ्या चिनी यंत्राचेच रूप होते आणि त्यातली सुरक्षाही कच्ची होती. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाने ती मोहीम थांबवली. यंत्र चांगले असते तरी प्रश्न उरलाच असता, कारण ब्राउझर कुकीज आणि स्वतःच्या खुणा पाठवतच राहतो आणि वापरणारा आपल्या नेहमीच्या खात्यात शिरला की तीन रिलेंची सारी मेहनत वाया जाते. टॉर ब्राउझर सर्व वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दाखवण्याचा प्रयत्न करतो तो याचसाठी. उलट सर्वांसाठी खुले वायफाय जाळे उभारणाऱ्या बर्लिनमधल्या फ्रायफुंक चळवळीचे स्वयंसेवक साध्या, स्वस्त राउटरवर खुले फर्मवेअर चढवतात आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणालाही तपासता येते. आपल्या वायफायवरून दुसऱ्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी इथे अनेक वर्षे मालकावर येत असे, त्यामुळे या मंडळींना लोकांची वाहतूक व्हीपीएनने परदेशातून फिरवावी लागे. तो कायदा २०१७ मध्ये बदलला.

हे काम करण्याची क्षमता पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज आहे. जाळ्यातल्या मधल्या रिलेवरून कोणत्याही संकेतस्थळाकडे थेट वाहतूक जात नाही, त्यामुळे तो चालवणाऱ्याकडे तक्रारी सहसा येत नाहीत, आणि स्नोफ्लेक, म्हणजे टॉर अडवलेल्या ठिकाणच्या लोकांना त्यात शिरायला मदत करणारा दुवा, तर साध्या ब्राउझरमधून देता येतो. विद्यार्थ्यांना अडवते ती कायद्यातली संदिग्धता: सर्ट-इनच्या निर्देशांमध्ये मोफत रिले चालवणाऱ्या स्वयंसेवकाचा वेगळा विचार केलेला नाही. स्वतःजवळ नोंदच नसलेल्या स्वयंसेवकाकडे ती मागितली जाणार नाही आणि केवळ रिले चालवल्याबद्दल त्याला आरोपी धरले जाणार नाही, एवढे दोन परिच्छेदांचे स्पष्टीकरण सर्ट-इनने द्यावे. महाविद्यालयांनी आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संघटनांनी ते लेखी मागावे, आणि मागणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या सह्या असाव्यात.