कागद बदलणारा आणि कागद वाचणारा

गेल्या महिन्यात एका रात्री इंदूरहून वहिनींचा फोन आला. इंग्लंडात आमच्या रेडिंगला नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पोटात धस्स झालं, पण घरात सगळे बरे होते. भाच्याला जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करून दोनच वर्षं झालीत. त्याच्याकडे लीगल एडमधून, म्हणजे गरिबांना सरकारी खर्चाने वकील देतात त्या योजनेतून, एक केस आली आहे. आरोपी मजूर, तुरुंगात आहे, आणि आरोप लहान मुलीवरच्या अत्याचाराचा. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. "त्याला सांगा, नाही म्हण. तुमचं ऐकतो तो. असल्या माणसाची केस घेतली तर रामबागेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उद्या त्याला स्थळं बघायची आहेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या सीरियली बघून बघून हे डोक्यात शिरलंय त्याच्या."

सीरियली तो बघतो हे खरं आहे. मीही बघते, आणि फोनवर आमचं निम्मं बोलणं त्याच विषयावर होतं. हॉटस्टारवर २०१९ साली 'क्रिमिनल जस्टिस' आली तेव्हा तो कॉलेजात होता. पंकज त्रिपाठींचा माधव मिश्रा त्याला फार आवडला, कारण तो कोर्टाच्या आवारात अशील शोधत फिरणारा, कुणी फारसं न विचारणारा वकील आहे. मूळ मालिका इथली, बीबीसीची, २००८ सालची. ती लिहिणारे पीटर मॉफट स्वतः बॅरिस्टर होते, त्यामुळे कोठडीतला वास आणि कॉरिडॉरमधली घाई त्यात खरी वाटते.

पण या मालिकांबद्दल घरी आणि इथे जो वाद चालतो, त्यात मला एक गफलत दिसते. आपल्याकडे बरीच वर्षं टीव्हीवरचा वकील म्हणजे 'अदालत'मधला के. डी. पाठक. त्याचा अशील निर्दोष असतो आणि खरा गुन्हेगार शेवटी कोर्टातच उघडा पडतो. अमेरिकेत पेरी मेसनने हेच १९५७ पासून केलं. बघायला छान, पण त्यात वकिलाला प्रश्नच पडत नाही. जो निरपराध आहे त्याच्या बाजूने उभं राहायला कसली आली अडचण? मग दुसरी लाट आली. वकील हुशार, खोटारडा, कायदा वाकवणारा. लोक म्हणाले, आता हा खरा गुंतागुंतीचा माणूस. माझं म्हणणं आहे, गुंता माणसाच्या स्वभावात दाखवला की कामातला गुंता बाजूलाच पडतो. आणि मग प्रेक्षक दोन अगदी वेगळ्या माणसांना एकाच खणात टाकतात.

'बेटर कॉल सॉल' या अमेरिकन मालिकेचं उदाहरण घेते, कारण ती मी दोनदा पाहिली आहे आणि मला ती मनापासून आवडते. दुसऱ्या सीझनमध्ये तिचा नायक, वकील जिमी मॅकगिल, रात्रभर झेरॉक्सच्या दुकानात बसतो. त्याचा भाऊही वकील, आणि त्याच्याकडच्या बँकेच्या कागदपत्रांवर पत्ता आहे १२६१ नंबरचा. तो आकडे कापतो, चिकटवतो, परत झेरॉक्स काढतो, आणि १२६१ चे १२१६ होतात. बस, एवढंच. पुढे सुनावणीत भावाची आयुष्यभराची अब्रू त्या दोन आकड्यांपायी जाते, आणि भाऊ खरं सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही. ते कातरणं, तो ट्यूबलाइटचा उजेड मला अजून दिसतो. याच माणसाने आधी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची लूट शोधून काढलेली असते, आणि पुढे पैसे लवकर मिळावेत म्हणून त्यांच्यातल्याच एका बाईला मैत्रिणींपासून तोडतो. शेवटच्या भागात सात वर्षांच्या शिक्षेवर सौदा पक्का झालेला असताना तो कोर्टात उभा राहून सगळं कबूल करतो आणि ८६ वर्षं ओढवून घेतो. लिहिणाऱ्यांनी त्याचं पाप कुठेही झाकलेलं नाही. ते पाप कागद बदलण्यात आहे. गुन्हेगाराची केस घेण्यात नाही. प्रेक्षक मात्र सोफ्यावरून उठताना म्हणतात, "वकील मेले असलेच."

हे वाक्य मी आठवीत असताना पहिल्यांदा ऐकलं, ते माझ्या वडिलांबद्दल.

नानांची वकिली फौजदारी. एम. जी. रोडवरच्या कोर्टात सायकलवर जायचे, आणि मुन्शी संध्याकाळी घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या पेशींची यादी सांगायचा. त्या वर्षी त्यांनी एका सासूचं वकीलपत्र घेतलं. सून जळून मेली होती. ते दिवस हुंडाबळींचे होते, रोज पेपरात तेच. विवाहितेच्या छळाचं ४९८ अ कलम येऊन चारेक वर्षं झाली होती, हुंडाबळीचं ३०४ ब अगदी नवीन. इस्पितळात सुनेचा मृत्युपूर्व जबाब घेतला गेला होता, पण कागदावर 'रुग्ण शुद्धीवर असून जबाब देण्यास समर्थ आहे' हा डॉक्टरांचा शेरा नव्हता. नानांनी तो कागद पंधरा वेळा वाचला असेल. जेवणाच्या पाटावरही बाजूला असायचा. त्या एका नसलेल्या ओळीवर त्यांनी युक्तिवाद उभा केला. सासू सुटली.

आईने त्या चैत्रात नेहमीसारखं हळदीकुंकू ठेवलं. मोठ्या पातेल्यात पन्हं, परातभर कैरीची डाळ, गौरीपुढे कलिंगडाची कातरलेली कमळं. पन्नास बायका यायच्या, सहा आल्या. त्यातल्याही तिघी ओटी घेऊन उभ्याउभ्याच गेल्या. रात्री आईने डाळीच्या परातीवर ताट झाकलं आणि नानांना विचारलं, "तिनेच केलं होतं का हो?" नाना म्हणाले, "ते मी ठरवायचं नसतं." आई त्यावर काही बोलली नाही. दोन दिवस आम्ही डाळ खाल्ली.

मला नानांची बाजू तेव्हा पटली नव्हती. आजही पूर्ण पटली आहे असं म्हणणार नाही, कारण त्या मुलीची आई कोर्टाच्या फाटकाशी बसलेली मी पाहिली होती. पण एक गोष्ट कळते. नानांनी कागदातली उणीव दाखवली. ती उणीव त्यांनी केली नव्हती. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करायचा. नानांसारख्यांनी असे प्रश्न वर्षानुवर्षं उपस्थित केले म्हणूनच २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींना बसून ठरवावं लागलं की जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असेल तर केवळ डॉक्टरांचा शेरा नाही म्हणून मृत्युपूर्व जबाब फेटाळायचा नाही. आज नाना असते तर तेवढ्यावर केस जिंकले नसते.

इंग्लंडमध्ये या कामाला एक आडोसा आहे. बॅरिस्टर लोक त्याला टॅक्सीच्या रांगेचा नियम म्हणतात. स्टँडवर पुढे उभी असलेली टॅक्सी गिऱ्हाईक निवडत नाही, जो येईल त्याला घ्यायचं. १७९२ साली टॉमस अर्स्किन या बॅरिस्टरने राजसत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या टॉम पेनचं वकीलपत्र घेतलं तेव्हा युवराजाच्या दरबारातलं पद त्याला गमवावं लागलं होतं. तेव्हापासून हा नियम अभिमानाने सांगतात. वाद इथेही आहेत. २०२३ साली शंभरावर वकिलांनी जाहीर केलं की तेल-कोळशाच्या नव्या प्रकल्पांसाठी आणि पर्यावरणाच्या आंदोलकांविरुद्ध आम्ही उभे राहणार नाही, तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला. पण साधारण वकिलाला शेजारीण विचारत नाही की त्याची केस का घेतलीस. नियमच तसा आहे म्हटलं की झालं.

चार वर्षांपूर्वी मला ज्युरीचं बोलावणं आलं. आत बाराजणांत काय बोलणं झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे, उघड कोर्टातलं सांगते. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी चोरी झाली होती. त्यांनी वरच्या खिडकीतून, तिन्हीसांजेला, पळणाऱ्या माणसाला पाहिलं होतं. आरोपीची बॅरिस्टर तिशीतली मुलगी, विगखालून केसांची बट बाहेर आलेली. तिने फार हळू विचारलं, "तुमचा चष्मा त्या वेळी कुठे होता?" बाई म्हणाल्या, "पलंगाशेजारी, टेबलावर." मुलीने आभार मानले आणि खाली बसली. मला तिचा राग आला. त्या बाईंचे हात थरथरत होते. पण ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. इथे अशिलाने तिच्यापाशी गुन्हा कबूल केला असता तर 'हा तिथे नव्हताच' असं तिला कोर्टाला सांगता आलं नसतं. पुरावा पुरेसा आहे का, एवढंच तपासता आलं असतं. आणि हीच मुलगी पुढच्या आठवड्यात सरकारच्या बाजूने उभी राहू शकते, इथे ते नेहमीचं आहे. हा प्रसंग मालिकेत घेतला तर दहा सेकंदांचा होईल. मला तो विसरता आलेला नाही.

इथे सगळं गोड आहे असं नाही. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या क्राउन कोर्टात २०२४ साली ७० हजारांवर खटले तुंबले होते. आणि इथला बॅरिस्टर कोर्टातून निघाला की कुणाच्या ओळखीचा नसतो. इंदूरला वकील त्याच गल्लीत राहतो, त्याच दुकानातून दूध आणतो. म्हणून इथे बसून भाच्याला शौर्याचे धडे द्यायची माझी हिंमत होत नाही.

तरी २०१८ आठवतं. एप्रिलमध्ये इंदूरला राजवाड्याजवळ आईवडिलांच्या कुशीत झोपलेली काही महिन्यांची मुलगी उचलून नेली गेली. महिन्याच्या आत निकाल लागला, फाशी. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, मीसुद्धा. असा न्याय पाहिजे, असं मी लिहिलं होतं. उच्च न्यायालयानेही शिक्षा कायम केली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, खटला नव्याने चालवा म्हणाले, कारण घाईत आरोपीला बचावाची पुरती संधी मिळाली नव्हती. त्या आईवडिलांना पाच वर्षांनी पुन्हा तेच सगळं. सुरुवातीला कुणी नीट, हट्टाने, प्रत्येक कागद वाचून बचाव केला असता तर ही वेळ त्यांच्यावर आली नसती. हे माझ्या गावात घडलं आहे. २००९ साली मुंबईत कसाबसाठी कोर्टाने नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर जमाव चालून गेला होता. दिल्लीत २०१२ च्या निर्भया प्रकरणात साकेत कोर्टाच्या वकिलांनी आरोपींचं वकीलपत्र घेणार नाही म्हणून सांगितलं. त्याच्या दोन वर्षं आधीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वकील संघटनांचे असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत.

भाच्याशी मी परवा तासभर बोलले. त्याने सगळे कागद काढून घेतलेत, वैद्यकीय अहवालाची एक प्रत अजून मिळाली नाही म्हणून अर्ज दिलाय. नानांचं साक्षीपुराव्याच्या कायद्याचं जुनं पुस्तक माझ्याकडे रेडिंगला आहे, ते पाठवू का विचारलं. म्हणाला, "आत्या, पाठव, पण कलमं बदललीत. मृत्युपूर्व जबाबाचं नानांचं ३२ आता २६ झालंय." त्याने फोन वहिनींकडे दिला.

वहिनी बराच वेळ इकडचंतिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी हळदीकुंकू ठेवलंय. डाळ किती घालू, काही कळत नाहीये."

मी म्हटलं, दरवर्षी घालता तेवढीच घाला.