उपदेशात राजकारण नको?

"पाळकसाहेब, उपदेशात राजकारण नको." मंडळीतली वडीलधारी माणसं हे मला प्रेमानेच सांगतात, आणि त्यामागची भीतीही मला कळते. आपण मूठभर, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? भीती मला मान्य आहे. तिच्या पाठोपाठ येतं ते मान्य नाही: "आपली अँग्लिकन परंपरा तसली नाही."

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा पाळक. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन हे चर्च झालं, पण आमच्या मंडळीचं घराणं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेलं. म्हणून या परंपरेबद्दल मी अधिकाराने आणि मायेने बोलतो.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन बाक बघा. बंदुका टेकवून ठेवायला त्यांना खाचा केलेल्या आहेत. १८५७ नंतर गोरे शिपाई उपासनेला हत्यारांसकट येत. सरकारी चॅप्लेनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या पाळकाचा, पगार सरकारी तिजोरीतून निघे. १९३० पर्यंत इथलं अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चला बांधलेलं होतं, आणि रविवारच्या उपासनेत राजासाठी प्रार्थना ठरलेली असे. त्याला राजकारण म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

राजकारण हा शब्द निघाला तो दुसऱ्या बाजूने कुणी बोललं तेव्हा. जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२२ मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. इंग्रज आणि हिंदी माणसं एका छताखाली राहायची, खादी घालायची, जमिनीवर मांडी घालून जेवायची. पुढे पुण्यात त्यांचा आश्रम उभा राहिला. तिथे १९२७ साली व्हेरियर एल्विन आले, ऑक्सफर्डचे, नुकतीच पाळकपदाची दीक्षा घेतलेले. वर्षभरात साबरमतीला जाऊन गांधीजींना भेटले आणि त्यांचेच होऊन गेले. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईच्या मणिभवनात पोलीस गांधीजींना पकडायला आले, तेव्हा एल्विन तिथेच मुक्कामाला होते. त्यानंतर आपल्या मराठी शामराव हिवाळ्यांना बरोबर घेऊन ते मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. पाळक म्हणून काम करायला नागपूरच्या बिशपांचा परवाना हवा होता. बिशपांनी अट घातली: आधी सम्राटाशी राजनिष्ठेची शपथ घ्या. एल्विननी ती घेतली नाही. काही वर्षांनी त्यांनी चर्चच सोडलं. असा माणूस आपण गमावला, आणि तो एका शपथेपायी. शपथ मागणं हा धर्म आणि नाकारणं हे राजकारण, हा हिशेब मला आजही पटत नाही.

बरं, प्रार्थनापुस्तक तरी काय सांगतं? संध्याकाळच्या उपासनेत रोज येशूच्या आईचं, मरीयेचं गीत म्हणायची आपली शेकडो वर्षांची रीत. एक गरीब गावातली मुलगी गाते आहे की देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं. हे पाठ म्हणणाऱ्या मंडळीने आपल्याला समाजाशी देणंघेणं नाही म्हणावं?

आणि प्रभुभोजनाचा प्याला, उपासनेत सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पुण्यातल्या पंचहौद या अँग्लिकन मिशनमध्ये १८९० साली शहरातल्या नामवंतांना चहा-बिस्किटं दिली गेली, नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, पेटलं! रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्याच पंचहौदात वेदीपुढे वेगवेगळ्या जातींतून आलेले लोक गुडघे टेकून एकाच प्याल्याला ओठ लावत होते. बाहेर कपभर चहावरून वाद चालू असताना आत हे घडत होतं. माझ्या लेखी महाराष्ट्रातल्या अँग्लिकन परंपरेचा खरा ठेवा हा आहे. मनोरा, घंटा, रंगीत काचा त्याच्या नंतर. अर्थात प्याला एक झाला म्हणून जात गेली असं नाही. आजही सोयरीक जुळवताना "मूळचे कुठले?" असं हळूच विचारलं जातंच.

मग मी उपदेशात कशाबद्दल बोलतो? गेल्या वर्षी एक आई बाळाच्या बाप्तिस्म्याचं ठरवायला आली. सगळं ठरलं, आणि निघताना दारात थांबून म्हणाली, "नाव रजिस्टरात घातलंच पाहिजे का? पुढे जातीच्या दाखल्याला अडचण येईल." तिच्या मामेभावाचं कुटुंब बौद्ध आहे, त्यांच्या मुलांना सवलत मिळते. तोच वाडा, तेच आडनाव, गावात वागणूकही तीच. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आणि ते योग्यच झालं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं. २०२२ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास करायला बालकृष्णन आयोग नेमला गेला.

त्या आईला मी काय सांगायचं? हा विषय उपदेशाबाहेरचा आहे, असं? ज्या बाळाच्या डोक्यावर मी पाणी घालणार, त्याचं नाव लपवावं लागतं याबद्दल मी वेदीपुढे बोलणार नाही, तर कुठे बोलणार?

येत्या १० ऑगस्टला आमच्याकडे संध्याकाळची उपासना आहे. मरीयेचं गीत म्हणू, मग या आदेशाची आणि आयोगांची माहिती देईन, आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनावर सह्या घेऊ. ज्यांना हे राजकारण वाटतं त्यांनीही यावं. प्रश्न विचारावेत, वाद घालावा. सही केलीच पाहिजे असं नाही.