कायदा आहे, नोकऱ्या आहेत, तरी धंदाच का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुराचं सार असं: तृतीयपंथीयांसाठी आता कायदा आहे, नोकऱ्या आहेत, तरी ते धंद्याला उभे राहतात, कारण कष्ट नकोत, सोपा पैसा हवा. आणि धंदाच बेकायदा, मग मारहाण झाली की बोंब कशाला?

नोकऱ्यांचं आधी बघू. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात २०२२ मध्येही स्त्री आणि पुरुष हे दोनच पर्याय होते. मॅटने, म्हणजे सरकारी नोकऱ्यांचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, तिसरा द्या म्हटलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. तिथे कान उपटले गेले तेव्हा कुठे डिसेंबरात सरकार तयार झालं. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली २०१४ साली. आठ वर्षांनंतरचं हे भांडण नोकरीचं नव्हतंच, नुसता अर्ज भरू देण्याचं होतं.

बरं, नोकरी मिळाली तर? कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. महिन्याभरात आठजणींनी काम सोडलं. भाड्याने खोली कुणी देईना, आणि लॉजचं रोजचं भाडं त्या पगारात परवडेना. ‘कष्ट नकोत’ असं त्या म्हणाल्या नव्हत्या, ‘तुम्ही नको’ असं घरमालक म्हणाले होते.

‘सोपा पैसा’ म्हणजे रात्री हायवेवर अनोळखी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसणं आणि कंडोमसाठी हुज्जत घालणं. हे ज्याला सोपं वाटतं त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

‘धंदाच बेकायदा’ हे अर्धवट ज्ञान. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय नाही. अर्थात जिला खोलीच मिळत नाही ती उभी राहणार रस्त्यावर, आणि कायदा पकडतो तो नेमका तिथेच.

तरीही बोंब मारण्याचा हक्क आहेच. सेक्स वर्करची तक्रार घेताना भेदभाव करू नका, शिवीगाळ-मारहाण करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला पोलिसांना बजावलं आहे. अडचण पुढे आहे. ज्या कायद्याचा मजकुरात एवढा गवगवा, त्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ ने तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरील बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. पूर्वी निदान जुन्या दंडसंहितेतलं ‘अनैसर्गिक’ संभोगाचं कलम ३७७ लावता यायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेही नाही.