मृगबाग हुकली, कांदेबाग धरली

भुसावळ, रात्रीचे साडेनऊ. कट्ट्याचा दगड अजून तापलेलाच, म्हणून रेल्वेतून रिटायर झालेले गार्डकाका खाली पेपर टाकून बसलेले. मी धूमकेतूवर गेलेल्या युरोपच्या 'रोझेटा' यानाचं नाव काढलं आणि केळीवाला बापू भडकला.

"२००४ ला निघालं अन् २०१४ ला पोचलं? सरळ सोडायचं ना भो!"

"तेवढा जोर कुठल्या रॉकेटात? तीनदा पृथ्वीजवळून, एकदा मंगळाजवळून नेलं, त्यांच्या ओढीनं वेग घेत. त्यातही ३१ महिने झोपवून ठेवलेलं. आणि आधी ठरलेला धूमकेतू वेगळाच होता, विर्तानेन. डिसेंबर २००२ मध्ये एक एरियान रॉकेट फसलं, म्हणून याचं जानेवारीतलं उड्डाण थांबवलं. धूमकेतू कशाला थांबतो? मग ६७पी हा दुसरा धूमकेतू निवडला."

"म्हंजे केळीची पावसाळी लागवड, मृगबाग, हुकली; मग पुढच्या हंगामाची कांदेबाग धरली."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

"पाथ, म्हणजे रूळ मोकळा मिळायची ठरलेली वेळ, गेला की गाडी लूपला, बाजूच्या रुळावर थांबून," काका म्हणाले. मंगळाचा पाथ २६ महिन्यांनी मिळतो, हे त्यांना मंगळयानापासून पाठ आहे.

पण बापू सोडतोय कुठे! "बाग बदलली की पाण्याचं गणित बदलतं. यांनी यंत्र तेच ठेवलं ना?"

प्रश्न बरोबर होता. ६७पी विर्तानेनपेक्षा बराच मोठा, म्हणजे ओढ जास्त, आदळणं जोरात. फिले या उतरणाऱ्या यंत्राचे पाय तेवढे मजबूत केले. १२ नोव्हेंबर २०१४ ला ते टेकलं, पण जमिनीत घुसायचे भाले सुटलेच नाहीत. दोनदा उसळलं आणि कड्याच्या सावलीत जाऊन पडलं. ऊन नाही, तर चार्जिंग नाही. अडीच दिवसांत बॅटरी संपली.

"इथून थांबवायचं मग," बापू.

"निरोप पोचायलाच २८ मिनिटं."

काका हसले. "लाल कंदील दाखवायला २८ मिनिटं! मग ड्रायव्हरला सगळं आधीच शिकवून पाठवायला पाहिजे."

"शिकवलं होतं, तरी पडलंच ना?"

"पडल्यावरही काम केलं, माहिती पाठवली. माझ्या हिशेबी गाडी पोचली," काका.

"माल अर्धा उतरवून!"

मी मध्येच सांगितलं, की युरोपवाले आता असं यान बांधताहेत ज्याचा धूमकेतूच अजून ठरलेला नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन उभं राहायचं, नवा पाहुणा दिसला की निघायचं.

"स्पेअर इंजिन," काका खूश.

बापूनं चप्पल पायात सरकवली. पहाटे ट्रक लागणार होता. "गिऱ्हाईक ठरल्याशिवाय मी घड कापत नाही, भो."