पिक्चर दाखवून कुणाचा धंदा वाढतो? (एका ताईंच्या कॉमेंटला उत्तर)

ताई, तुमची कॉमेंट नीट वाचली, उत्तर जरा मोठं होणारे. तुमचं म्हणणं असं की डोंबिवलीत सोसायटीच्या हॉलमध्ये व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी आम्ही 'इंग्लिश विंग्लिश' दाखवला, गुलाब दिले, गप्पा मारल्या, पण त्याने कुणाच्या गल्ल्यात एक रुपया तरी पडला का? तुम्ही स्वतः डब्यांचा व्यवसाय करता आणि लिहिलंय की "सत्कार नको, ऑर्डरी द्या". ऑर्डरी हव्यातच, त्यावर वादच नाही. पण तो पिक्चर म्हणजे नुसता टाइमपास होता हे मला अजिबात मान्य नाही.

हाच पिक्चर का, तर त्यातली शशी घरून लाडू विकते, गिऱ्हाईकं खुश आहेत, तरी घरात त्याला कुणी काम म्हणत नाही आणि नवरा चारचौघांत बोलून जातो की माझी बायको लाडू करायलाच जन्माला आलीय. दिग्दर्शिका गौरी शिंदेंना हा 2012 चा पिक्चर सुचला तो त्यांच्या आईवरून, त्या पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या.

आमची चर्चा त्या नवऱ्याच्या वाक्यावरूनच सुरू झाली. आधी सगळ्या शशीबद्दल बोलत होत्या, मग हळूहळू स्वतःबद्दल. फराळ करणाऱ्या एक काकू म्हणाल्या, मी चकलीचा भाव काढताना भाजणी, तेल, गॅस, पिशवी सगळं धरते. शेजारची म्हणाली, आणि तुमची मजुरी? तर काकू म्हणतात, ती कशाला, मी घरचीच ना! मग काय, ब्लाउज शिवणारी, केकवाली, मेंदीवाली, सगळ्यांचं तेच निघालं, नातेवाइकांना फुकट, ओळखीत निम्म्या भावात आणि उधारी मागायची लाज. ताई, हे बँकेच्या काउंटरवर कोण बोलेल? शशीच्या आडून बोलता येतं.

आणि बायकांना हिशोब येत नाही असं कुणी म्हणू नये. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा लायसन्सचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण त्यावर बायकांचे अंगठे होते. त्याच बायका मग थेट अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कितीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये बँक उभी राहिली! हिशोब पक्काच असतो हो, फक्त त्यात आपण स्वतःला धरत नाही. लिज्जतचं मला म्हणूनच फार अप्रूप वाटतं, 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, आणि आजही तिथे लाटणारीला लाटण्याचे पैसे वेगळे मिळतात, वर नफ्यात वाटा, कारण ती मालकीणच असते.

आमच्या फराळवाल्या काकूंनी त्यानंतर भाव वाढवला. काही गिऱ्हाईकं तुटली, खोटं कशाला सांगू, पण बरीचशी टिकली.

ऑर्डरींसाठी पुढच्या वेळी हॉलबाहेर टेबलं लावतोय, एक तुमच्यासाठी ठेवते. फक्त येताना एका डब्याचा पूर्ण हिशोब लिहून आणा, भाजी, गॅस, पोचवणाऱ्या मुलाचे पैसे, आणि तुम्ही पहाटे उठून उभ्या राहता त्या वेळेचेसुद्धा.